सगळ्यांत वरची पायरी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मला एकही ओळ आठवेना. जालन्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं मी मराठी शिकवलं, आणि त्यातही मरणावरच्या कविता शिकवणाऱ्या बाई म्हणूनच मुलं मला ओळखायची. फळ्याच्या मधोमध मी एक उभी रेघ मारायचे. एका बाजूला लिहायचे ‘पालखी’, दुसऱ्या बाजूला ‘तिरडी’, आणि विचारायचे, दोन्हींत सारखं काय? मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘चार खांदे.’ मी सांगायचे, बघा, कवी दोन गोष्टी फक्त शेजारी ठेवतो आणि स्वतः बाजूला होतो. श्रीमंत-गरीब, मालक-चाकर, जिता-मेला यांच्यातलं अंतर मग आपोआप बोलायला लागतं. उपरोध म्हणजे टिंगल नव्हे. ज्याला मोठ्यानं बोलायची सोय नाही त्यानं खाली मान घालून सांगितलेलं खरं. हे सगळं मला पाठ होतं. पण माझ्या पोटातली गाठ काढून ‘तपासायला पाठवू’ असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवसापासून मरणाबद्दलची शिकवलेली एकही ओळ माझ्या मदतीला आली नाही.

देवाचं नावही येईना, हे जास्त लाजेचं. आमच्या घरात महादेवाचं नाव उठता-बसता घेतलं जायचं. मीही जपाची माळ पर्समध्ये ठेवून होते. पण मणी ओढायला लागले की तोंडात नाव आणि डोक्यात ‘तपासायला’ हा एकच शब्द. दोन दिवसांनी मी माळ आत ठेवून दिली. देव असेल तर त्याला माझी गरज नाही आणि नसेल तर मला त्याची नाही, असं काहीतरी कडू मनात आलं. नवऱ्याला सांगितलं नाही. ते बिचारे औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर करत होते.

त्या दुपारी सिस्टरनं आम्हाला हिरवे गाऊन दिले. ‘आम्हाला’ म्हणजे मी आणि शेजारच्या खाटेवरच्या एक म्हाताऱ्या बाई. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यांचंही ऑपरेशन दुसऱ्या दिवशीच होतं. सुनेनं स्वतंत्र खोली घेतली होती, पण ‘एकटीला करमत न्हाई, मला माणसात ठेव’ म्हणून त्या हट्टानं या वॉर्डात आल्या होत्या. अंगावरचं सोनं काढायला सिस्टरनं सांगितलं. त्यांच्या पाटल्या, पुतळ्यांची माळ, कानातल्या वजनदार कुड्या असं सगळं एकेक करत सुनेच्या रुमालात गेलं. मीही माझ्या काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढून पिशवीत ठेवलं. आम्हा दोघींचे हात सारखेच उघडे झाले. एरवी मी याच्यावर एक तास शिकवला असता. त्या दिवशी मला फक्त थंडी वाजली.

सून चहा आणायला गेली तशा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘बाई, तुमचं कशाचं हाय?’

मी सांगितलं. त्या ‘अरे देवा’ म्हणाल्या नाहीत, हे मला बरं वाटलं. नुसत्याच म्हणाल्या, ‘मंग तुम्ही बी उद्या आन् म्या बी उद्या. बराबर हाय. सोबत झाली.’

मी गाव विचारलं. कुंभार पिंपळगावच्या पुढचं एक गाव त्यांनी सांगितलं. टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे, तेच, आणि आपण तिथल्या पाटलाच्या घरच्या, म्हणाल्या. ते माझं गाव. आणि माझ्यासमोर झोपलेल्या बाई त्या गावच्या पाटलीणबाई होत्या. पन्नास वर्षांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. लहानपणीही आम्ही त्यांना लांबूनच पाहायचो. ‘ऐकलंय’ एवढंच म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. गप्प का बसले, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील पाथरवट होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पाटे, वरवंटे, जाती, उखळ घडवायचं आणि झिजलेल्या जात्यांना टाकी लावून द्यायची, हा आमचा पिढ्यांचा धंदा. दादा शाळेत कधी गेले नाहीत. अक्षरं ते दगडावर शिकले. कुणीतरी कोळशानं नाव लिहून द्यायचं आणि दादा त्यावर छन्नी चालवायचे. असं करता करता त्यांना वाचता यायला लागलं. मी अकरा वर्षांची असताना गावानं टेकडीवरच्या देवळाला पायऱ्या करायचं ठरवलं. ज्या घरानं पायरी दिली त्या घराचं नाव त्या पायरीवर, असं ठरलं. पाटलांनी सगळ्यांत वरची पायरी घेतली. माझं नाव साऱ्यांच्या वर पाहिजे, असं ते म्हणाले होते म्हणे. सगळ्या पायऱ्या दादांनी घडवल्या, सगळी नावं दादांनी कोरली. आमचं नाव कुठल्याच पायरीवर नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

दादा भजनात बसायचे. उंबऱ्याच्या बाहेर, चपलांच्या जरा अलीकडे. पण आवाज असा की आतल्यांचे टाळ त्यांच्या लयीवर चालायचे. मनात येईल ते जुळवून म्हणायचीही त्यांना सवय. पायऱ्यांचं काम पुरं झालं त्या सोमवारी, भर भजनात, त्यांनी उंबऱ्याबाहेरून हे उचललं:

पायरीनं राहा म्हणे । पायरी म्या घडविली ।
ज्याचं नाव साऱ्यां वर । त्याला साऱ्यांची पाउली ॥

क्षणभर टाळ थांबले. ‘पायरीनं राहा’ हे वाक्य त्या गावात कोण कुणाला म्हणायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांत वरच्या पायरीवर माणसं थांबतात, घंटा वाजवतात, तिथं साऱ्या गावाचे पाय पडतात, हे त्या क्षणापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाटील आत बसले होते. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचा गडी दादांना बोलवायला आला. दादा दिवसभर आले नाहीत. दिवस कलताना परतले, हात-पाय धुतले, कुणाशी बोलले नाहीत. आईनं भाकरी वाढली तर ताट सरकवून म्हणाले, ‘भूक न्हाई.’ काय झालं, असं आईनं हजारदा विचारलं. त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्यानंतर वर्षाच्या आत आम्ही गाव सोडून जुन्या जालन्यात एका खोलीत राहायला आलो. दादा मोंढ्याजवळ दगड घडवायला बसू लागले. माझ्या मनात मात्र ती सरकवलेली भाकरी पक्की बसली. माझ्या बापाचा कुणीतरी असा अपमान केला की त्याच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि त्यासाठी आम्हाला गाव सोडावं लागलं. पुढे मी वर्गात ही गोष्ट नाव न घेता सांगायचे. खरं बोलणाऱ्या कवीला काय किंमत मोजावी लागते याचं उदाहरण म्हणून.

आणखी एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. मी बी.ए.ला होते. अलंकारांचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. दादा दाराशी बसून काहीतरी नवं जुळवत गुणगुणत होते. मी वैतागून म्हणाले, ‘दादा, थांबा ना जरा. कवितेला शास्त्र असतं, अशी ती कुठंही होत नाही.’ ते लगेच थांबले. रागावले नाहीत. ‘बराबर हाय बाई,’ म्हणाले. ते मला लहानपणापासूनच ‘बाई’ म्हणायचे, मी मास्तरीण होणार म्हणून. पण त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी कधी काही म्हटलं नाही. त्यांना जाऊन आता वीस वर्षं झाली. पाटलांवरचा राग मी इतका जपला, त्याचं एक कारण हेही असेल की माझ्यावरचा राग मला जपायचा नव्हता.

तर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागे पाटलीणबाई हलक्या आवाजात काहीतरी म्हणायला लागल्या. दुखणं विसरायला बायका म्हणतात तसं. आवाज कापरा होता, चाल मात्र पक्की होती.

नाव कोरलं धन्याचं । कोरणारा बिननावी ।
झिजताना दोघांमध्ये । ओळख कशी पटावी ॥
नको शिळा नको ठेवा । नाव तुझं तोंडी यावं ।
तुझ्या दारी झिजू दे रे । हेच पुरे महादेवा ॥

मी हा अभंग कधी ऐकला नव्हता. पण आपल्या माणसाची चाल जशी अंधारातही ओळखू येते, तशी मला ती ओळ ओळखू आली. एका ओळीत धनी आणि कारागीर शेजारी बसवले होते आणि पुढच्या ओळीत दोघांनाही मरणानं सारखं करून टाकलं होतं. वाढीव शब्द एक नाही. मी कूस बदलली आणि विचारलं, ‘मावशी, हे कुणाचं आहे?’

‘आमच्या गावच्या बायका दर सोमवारी म्हणत्यात. कुणी मेलं तर दहाव्याला बी म्हणत्यात. पोरी म्हणत्यात, कुण्या संताचा असंल.’ मग म्हणाल्या, ‘पर न्हाई. आमच्या गावात एक पाथरवट व्हता. त्याचा हाय.’

त्या छताकडे बघत सांगत राहिल्या.

‘त्यानं भजनात मालकांना एक बोल लावला. पायरीवरून. मालक रातभर जागे. सकाळी गड्याला म्हणले, त्या पाथरवटाला टेकडीवर घेऊन ये. मला वाटलं आता ह्याचं काही खरं न्हाई. म्या निवद करून मागून गेल्ते. जाऊन पाह्यलं तर मालक पायरीवर बसलेले आन् पाथरवट समोर उभा. पाटील खाली आन् पाथरवट वर, असं म्या जन्मात पाह्यलं न्हवतं. मालक म्हणून राह्यलेते, माझं नाव खोडून टाक. तू म्हणला ते बिलकुल खरं हाय.’

‘मग खोडलं?’ मी विचारलं.

‘कशाचं! तो म्हणला, नाव खोडायचं म्हंजी वरचा थर काढावा लागंल. पायरी उणी व्हईल, चढणाऱ्याचा पाय अडखळंल. ऱ्हाऊ द्या. येणारे-जाणारे पुसतेल हळूहळू. मंग तिथंच उभ्या उभ्या ह्यो अभंग म्हणला. मालकांच्या डोळ्याला धार लागली. म्या निवद दाखवला आन् दोघं तिथंच पायरीवर बसून पुरणपोळी जेवले. पोटभर जेवला तो पाथरवट. चार पोळ्या खाल्ल्या असतेल.’

मी उशीत तोंड खुपसलं. त्यांना वाटलं मला दुखतंय. त्या सिस्टरला हाक मारणार होत्या, मी हातानं नको म्हटलं. दादांना भूक नव्हती, कारण ते जेवून आले होते! एवढंच होतं. पन्नास वर्षं मी ज्या उपाशी बापासाठी जळत होते, तो त्या दिवशी पाटलाच्या शेजारी बसून चार पुरणपोळ्या खाऊन आला होता. आयुष्यभर मी मुलांना उपरोध ओळखायला शिकवलं आणि तो माझ्या घरात, माझ्या आईनं वाढलेल्या ताटासमोर बसलेला असताना मला दिसला नाही.

‘मावशी, त्यांनी हे घरी का नाही सांगितलं?’ माझ्या तोंडून ‘त्यांनी’ गेलं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

‘मालकांनी हात जोडून सांगितलं ना, हे कुणाला बोलू नको म्हणून. पाटलाला लाज वाटली. त्यानं मरेस्तोवर शब्द पाळला. म्या बी मालक असेपर्यंत कुणाला बोलले न्हाई. मालकांचं शेवटचं दुखणं आलं तव्हा ते म्हणले, त्या पाथरवटाचं म्हण. म्या म्हणलं. ते ऐकत ऐकतच गेले. मंग म्या पोरींना शिकवलं, पर कुणाचा हाय ते सांगितलं न्हाई, मालकांचा शब्द व्हता.’ मग म्हणाल्या, ‘एक लेक व्हती त्याची. लई हुशार. त्या दिवशी जेवताना मालकांना सांगून राह्यलेला, म्या दगडावर कोरतो, माझी लेक माणसात कोरंल. कुठं असंल कोण जाणे.’

‘इथंच आहे,’ मी म्हणाले. ‘मावशी, मीच ती.’

त्यांनी मान वळवून माझ्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं. मग हिरव्या गाऊनच्या बाहीतून सुरकुतलेला हात माझ्या खाटेकडे लांब केला. मी तो धरला. त्या म्हणाल्या, ‘तुझे वडील लई मोठे व्हते, पोरी. त्यांनी आमच्या घराची लाज राखली.’

इतका वेळ ‘तो पाथरवट’ म्हणणाऱ्या त्या बाईंच्या तोंडी ‘ते’ आणि ‘त्यांनी’ आलं. त्या घरातून माझ्या बापासाठी आलेलं हे पहिलं आदराचं बोलणं असावं. मराठी शिकवणाऱ्या बाईला या एका सर्वनामाची किंमत कळते.

पण त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. त्यांचा हा खरेपणा मी विसरणार नाही. म्हणाल्या, ‘त्या दिवशी मालक त्यांना म्हणले, उद्यापासून आत बस, वीणेजवळ. ते हसले, पर आले न्हाईत. आन् खरं सांगू? आम्ही बी दुसऱ्यांदा म्हणलं न्हाई. एकदा म्हणून मोकळे झालो. ते आमचं चुकलंच.’

चुकलं ते चुकलंच होतं आणि त्या ते झाकत नव्हत्या. गाव आम्ही अपमानामुळे सोडलं नव्हतं, तर घरोघरी गिरणीचं पीठ आलं आणि जात्यांना टाकी लावायचं काम संपलं म्हणून सोडलं होतं, हेही त्यांच्या बोलण्यातून पुढं कळलं. माझा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. फक्त तो जिथं ठेवला होता तिथला नव्हता.

त्या दुपारपासून मला नाव घेता यायला लागलं. माळ काढली नाही. पाटलीणबाई एक ओळ म्हणायच्या, मी पाठोपाठ म्हणायचे. ‘तुझ्या दारी झिजू दे रे’ म्हणताना कळलं की दादांनी महादेवाकडे दुखणं टळावं, आयुष्य वाढावं असलं काही मागितलंच नव्हतं. झिजणं तर सगळ्यांनाच आहे. ते कुणाच्या दारी व्हावं एवढंच मागितलं होतं. ‘तपासायला’ हा शब्द डोक्यातून गेला नाही, पण त्याची धार गेली. जे निघायचं ते निघो, असं मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

सकाळी आधी मला नेलं. स्ट्रेचर हलताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘जल्दी ये गं, म्या बी येतेच.’ सिस्टर हसल्या. मी हसतच आत गेले. पुढं गाठीचा रिपोर्ट चांगला आला. वाईट आला असता तर मी हे लिहिलं नसतं का? लिहिलं असतं. कदाचित जरा घाईनं लिहिलं असतं, इतकंच. माझ्यावर कृपा झाली ती रिपोर्ट येण्याच्या आधीच, शेजारच्या खाटेवरून. त्याच वॉर्डात, त्याच दिवशी, हा अभंग आणि त्याचा कर्ता दोन्ही माहीत असणारी जगातली एकमेव बाई माझ्या शेजारी कशी आली, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला पटलं आहे.

श्रावणात एका सोमवारी त्यांच्या सुनेचा फोन आला, आई बोलावतात म्हणून. मी आणि हे गावी गेलो. पाटलीणबाई देवळापर्यंत चढू शकत नव्हत्या. त्यांच्यासाठी भजन टेकडीच्या पायथ्याशी, लिंबाखाली ठेवलं होतं. त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. बायका, पोरी, शाळेतून परस्पर आलेल्या दोन मास्तरणी, सगळ्या सतरंजीवर बसल्या होत्या. ‘नाव कोरलं धन्याचं’ सुरू झालं आणि मी डोळे मिटले. साठ-सत्तर तोंडांतून माझ्या बापाचे शब्द येत होते. कोण कुठल्या आळीतली, ते आवाजावरून ओळखू येत नव्हतं.

पहिलं कडवं झाल्यावर पेटीवर बसलेली तरुण मुलगी माझ्याकडे वळली. ‘बाई, तुम्ही शिकलेल्या हाव. हा अभंग कुण्या संताचा हाय? आमच्याकडं कुणालाच सांगता येत न्हाई.’

पाटलीणबाई खुर्चीतून माझ्याकडे बघत होत्या, पण बोलल्या नाहीत. ते बोलणं त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. मनात आलं, राहू दे, संताचा म्हणूनच राहू दे. ज्यानं मागितलंच बिननावी राहणं, त्याचं नाव मी कशाला पुढं करू? पण लगेच दुसरं आलं. दादांनी आपलं सगळं देवाच्या पायाशी सोडलं, ते त्यांचं देणं. मी त्यांना एकदा गप्प केलं होतं, ते ओझं माझं होतं. ते मलाच सोडायचं होतं, आणि सोडायची जागा हीच.

‘माझ्या वडिलांचा,’ मी म्हणाले. ‘ते पाथरवट होते. याच गावचे.’

कुणी कुजबुजलं नाही. पोरीनं फक्त मान डोलावली, जणू संतानं पाथरवट असावं यात नवल ते काय. म्हणाली, ‘मंग पुढचं तुम्ही उचला बाई, आम्ही मागून येतो.’

तीस वर्षं मी कविता समजावून सांगितल्या होत्या, म्हटली एकही नव्हती. माझा आवाज चांगला नाही. तरीही मी म्हणायला सुरुवात केली. तुझी कृपा, महादेवा, की बापाचं देणं लेकीच्या तोंडी यायला तू इतकी वर्षं थांबलास आणि एवढ्या तोंडांत ते सांभाळून ठेवलंस.